लिफ्टच्या दारातलं वाक्य

माझा एक पाय लिफ्टच्या दारात होता, आत इमारतीचे चेअरमन दोन पिशव्या घेऊन उभे होते, आणि मी 'ब'वर अडकलो होतो. (मामा, नमस्कार राहिलाच. उशिरा आला तरी मनापासूनचा आहे. मामींचा गुडघा कसा आहे?)

मला म्हणायचं होतं, 'बाहेर या'. नुकताच वर जाऊन लिफ्टची तपासणी करून आलो होतो. पोलादी दोराचे निम्मे पेड तुटले होते. खिशात वही होती, लिहून दाखवता आलं असतं. पण मागच्या महिन्यात लिहून दिलेला इशारा त्यांनी न वाचताच सही करून फाइलला लावला होता. चेअरमन मदतीला धावले. "बटण? बल्ब? बिल? अरे बोल ना बाबा, घाबरतोस काय!"

(तुमचंही हेच म्हणणं. तुमच्या धपाट्यांनी शब्द कधी सुटला नाही, पाठ मात्र ताठ झाली. मी ज्यांच्याकडे जातो त्या वाचाउपचाराच्या बाई सांगतात, हा दोष जिभेचा नाही, अकलेचा तर नाहीच. मेंदू आणि बोलणं यांचा ताळमेळ मध्येच चुकतो. भीतीनं अडखळणं वाढतं, पण भीती हे त्याचं मूळ नव्हे. समोरच्यानं थांबायचं, बस.)

'उतरा' म्हणून सुटलो असतो. पण असे सोपे शब्द शोधण्यातच जन्म गेला. तुमच्याकडे वीस वर्षं कॉफी मागतोय, कारण 'चहा'चा 'च' अडतो. या वेळी पायही काढला नाही आणि शब्दही बदलला नाही.

चाळीस सेकंद लागले. "बाहेर या. दोर तुटायला आलाय."

पिशव्या आत राहिल्या, चेअरमन बाहेर. मी लिफ्टला कुलूप घातलं आणि त्यांना जिना दाखवला. ते सातव्या मजल्यावर राहतात. मामा, अख्खं वाक्य माझं होतं!

तुमचा भाचा

ता. क. पत्राचं खरं काम हे. रविवारी फोन करीन. सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. 'लाइन खराब आहे' म्हणून ठेवून देऊ नका, तो मीच असेन. शब्दही पुरवू नका.

ता. क. पुन्हा. कॉफी मला कधीच आवडली नाही.

ता. क. शेवटचा. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी सातव्या मजल्यावर नव्या दोराचं काम चालू होतं. चेअरमन दूध घेऊन जिन्यानं वर आले. त्यांना मला काही सांगायचं होतं, पण धाप लागली होती. मी पाना खाली ठेवला आणि थांबलो.