जुन्या मॅकचे सत्तावीस उपाय

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. खरं तर ती मॅकवरच लिहिणार होतो, पण मॅक अजून चालू होतोच आहे, म्हणून तोवर वहीत. दोनशे पानी वही घरात पडलीच होती.

मॅक माझा भाचा हरीओम याचा. २०१२ चं मॉडेल. तो पुण्यात कंपनीत आहे, त्यानं नवा घेतला आणि हा मला दिला. आमच्या केनवड गावात मॅक असलेला मी एकटाच. याचा मला गर्व वगैरे नाही, पण लोकांना माहीत असायला हवं.

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव १२ ऑक्टोबरला. स्मरणिकेचं सगळं काम माझ्याकडे, कारण तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि लेआउट कशाला म्हणतात हे गावात दुसऱ्या कोणाला कळत नाही. समितीचे अध्यक्ष हरिसिंग म्हणाले, रिसोडच्या प्रेसवाल्याला २८ तारखेपर्यंत सगळं पाहिजे. मी म्हटलं, वीसला घेऊन जा.

९ वाजून ७ मि.
चालू झाला. सहा मिनिटं चाळीस सेकंद, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजले. तेवढ्यात बायकोच्या, ज्योत्स्नाच्या, तीन भाकरी झाल्या, आणि तिनं ते सांगितलंही. शिसारी येते अशा घरात काम करायची.

८ सप्टेंबर, सोमवार
पुंजाजी आला. शाळेचा पहिला शिपाई. शाळा निघाली त्या दिवसापासून बत्तीस वर्षं घंटा दिली त्यानं. त्याचीही आठवण स्मरणिकेत हवी असं हरिसिंगचं मत. पुंजाजीला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तो सांगणार आणि मी थेट मॅकवर टाइप करणार. कागद मध्ये आणायचाच नाही. कागद म्हणजे मागासलेपणा.

प्रेसवाल्याला त्याच्याच जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं लागतं. तो फॉन्ट हरीओमनं फोनवरून सांगून माझ्याकडून मॅकमध्ये घालून घेतला. नाव काय, तर तीन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. मराठी फॉन्टला असं नाव ठेवणाऱ्याची कीव येते.

पुंजाजीनं दोन वाक्यं सांगितली आणि स्क्रीनवर ती रंगीत चकरी फिरायला लागली. मॅक अडकला की ती येते. पुंजाजी चकरीकडे बघत बसला. म्हणाला, लय नामी हाये. मला तोंड धुवावंसं वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार
पुंजाजीचं तीन दुपारी चाललं होतं, आज संपलं. अडीच पानं झाली. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तो त्यानं जऊळक्याच्या स्टेशनवरून बैलगाडीत आणला. मग पहिल्या दिवशी लोक बादल्या घेऊन का कोण जाणे आले. बादल्यांचा काय संबंध ते आता आठवत नाही, चकरी फिरत होती. असो. मॅकमध्ये सगळं आहे.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, माह्या नावानं कागदावर आजवर फक्त अंगठाच उठला, सर. नात वाचून दाखवन आता. मी म्हटलं, वीस तारखेला प्रेसमध्ये.

पेन ड्राइव्हवर एक कॉपी ठेवली. माझ्यासारखा सावध माणूस कमी.

११ सप्टेंबर, गुरुवार
हरीओमला फोन. त्याला सरळ विचारलं, तुझा हा मॅक इतका मंद काहून? म्हणाला, मामा, रॅम चारची आठ करा, आतली जुनी डिस्क काढून एसएसडी टाका, नव्यासारखा चालेल. तोवर आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, ब्राउझरचे टॅब कमी ठेवा आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या.

वा रे इंजिनीअर! पार्ट बदलायला अक्कल कशाला लागते? यूट्यूबवर एका सद्गृहस्थांचा व्हिडिओ आहे, जुना मॅक वेगवान करण्याचे सत्तावीस उपाय. एकही पार्ट बदलायचा नाही. हीच खरी विद्या. आधी मशीन वेगवान, मग स्मरणिका. मशीन वेगवान झालं की स्मरणिका दोन दिवसांत उडते.

बॅकअपची डिस्क वगैरे नंतर.

१४ सप्टेंबर, रविवार
उपाय १ ते ५. डेस्कटॉपवरच्या दोनशे अकरा फाइली 'इतर' नावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबल्या. पारदर्शक खिडक्या बंद. चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद. ६ मिनिटं १० सेकंद. ज्योत्स्नाला सांगितलं, अर्धं मिनिट वाचलं. तिनं विचारलं, त्या अर्ध्या मिनिटात काय करान? या प्रश्नाला उत्तर देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

टॅब मात्र ठेवले. चौतीस आहेत. उपाय कुठे वाचायचे मग?

१७ सप्टेंबर, बुधवार
उपाय ९. पंखा साफ करणे. खालचं झाकण उघडलं. दहा स्क्रू, तांदळाच्या कणीएवढे. पंख्यावर बोटभर जाड राखाडी गादी. त्यात भाच्याचे केस, चिवड्यातला एक शेंगदाणा आणि अर्धं झुरळ. पुण्यात राहून माणूस काय काय खातो मशीनवर बसून! चिमट्यानं काढलं, तरी हात तीनदा धुतले. दुपारी जेवण गेलं नाही.

परत लावताना नऊ स्क्रू. दहावा खरं तर लागतच नसावा.

पुंजाजी आला होता, पान झालं का विचारायला. मी हातात चिमटा धरून होतो. म्हटलं, मशीनचं ऑपरेशन चालू आहे. तो मुकाट्यानं ओट्यावर बसून राहिला आणि चहा घेऊन गेला.

२० सप्टेंबर, शनिवार
आज द्यायचं होतं. दिलं नाही. कारण ६ मिनिटं ५५ सेकंद. साफ केल्यावर वाढले! पंख्याला वारा लागला असेल.

हरिसिंगचा फोन. किती पानं झाली? मी म्हटलं, पाया घालून राह्यलो. म्हणाले, सर, इमारत अठ्ठावीसले पाहिजे. फोन ठेवला. बाकीच्यांचे लेख माझ्याकडे हस्तलिखितात पडले आहेत, ते टाइप करायला किती वेळ लागतो? मशीन हलू द्या फक्त.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. उपाय १४. मॅक चालू करताना चार बटणं एकदम दाबून धरायची, मग मेमरी नव्यानं सुरू होते. दोन हात कमी पडतात. ज्योत्स्नाला बोलावलं, तिचे हात घटाच्या मातीचे. कीबोर्डच्या दोन बटणांत वावरातली काळी माती गेली. बोललो तर म्हणाली, त्यात गहू पेरा, दसऱ्यापावतर येतीन. आवाज झाला, मशीन दोनदा सुरू झालं, वेळ तेवढाच.

या घरात तांत्रिक वातावरण नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
उपाय १९. फार महत्त्वाचा. जास्त फॉन्ट असले की जुना मॅक दमतो. उघडून बघितलं तर तीनशे चार. कसले कसले! तीन इंग्रजी अक्षरं आणि आकडे असली नावं. किळस आली. मराठीचे दोन ठेवले, ज्यांच्या नावातच देवनागरी लिहिलेलं आहे. इंग्रजीचे चार ठेवले. बाकी सगळे काढून टाकले आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

५ मिनिटं ३० सेकंद. मी म्हटलंच होतं.

उद्यापासून स्मरणिका.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १२
व्हायरस.

पुंजाजीचा लेख उघडला. अडीच पानं आहेत, पण एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, मध्ये डॉलर, कंस, उलटं प्रश्नचिन्ह. कोणीतरी ओकून ठेवल्यासारखं. त्याच आठवड्यात टाइप केलेला मुखपृष्ठाचा मजकूर, अध्यक्षांचं मनोगत, सगळ्याची तीच गत. मॅकला व्हायरस लागत नाही म्हणणारे भाचे आता कुठे आहेत?

पेन ड्राइव्ह लावून बघितला. त्यातही तेच! म्हणजे पेन ड्राइव्हमधूनच घुसला. तो ज्योत्स्नानं भजनाची गाणी भरायला मंडळात नेला होता. तिला सांगितलं तर म्हणाली, भजनानं रोग पसरला म्हणे! आधी तुमच्या भाच्याले इचारा. भाच्याला विचारायची गरज नाही. सत्ताविसावा उपाय याच प्रसंगासाठी आहे. डिस्क पूर्ण पुसायची आणि सिस्टिम नव्यानं टाकायची.

दुपारी ३
धाडस केलं. आधी पेन ड्राइव्ह पुसला, मग मॅक. स्क्रीनवर विचारलं, नक्की का? असल्या प्रश्नांना मी घाबरत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
सिस्टिम ज्योत्स्नाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतेय. कालपासून. तिचा पॅक संपला, तिच्या बहिणीचे देवीचे फोटो दिसत नाहीत, ती बोलत नाही. शांतता बरी वाटते.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११
चालू झाला. एक मिनिट पन्नास सेकंद! चकरी नाही, काही नाही. डेस्कटॉप आरशासारखा. २०१२ सालच्या मशीनवर एक मिनिट पन्नास! हरीओमला फोन करून सांगितलं. मला मोठेपणा दाखवायचा नव्हता, फक्त त्याला शिकवायचं होतं.

तो म्हणाला, छान, आधी काय झालं होतं? मी व्हायरसचं सांगितलं. अक्षरं कशी दिसत होती विचारलं. सांगितलं. मग त्यानं विचारलं, त्याच्या आधी काय काढलं होतं? सांगितलं. त्यानं मला तेच दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाला, "मामा, तो व्हायरस नव्हता. तो तुमचा लेखच होता. तो फॉन्ट परत टाकला असता तर जसाच्या तसा दिसला असता."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला.

दुपारी ४
हरिसिंग स्वतः आले. बाकीचे लेख कागदावर होते, ते उचलून घेऊन गेले. प्रेसवाला आपल्या माणसाकडून टाइप करून घेणार. लेआउटचं विचारलं तर म्हणाले, राहू द्या सर, तुमची तब्येत पाहा. पुंजाजीच्या लेखाचा कागद कुठे, विचारलं. मी म्हटलं, मॅकमध्ये. खोटं नाही. कधीतरी होताच.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. घरातली हत्यारं, विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्र यांच्या रांगेत ज्योत्स्नानं मॅकही मांडला. हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. मी ओरडणार होतो, पण कशासाठी ते सुचलं नाही. आत तसंही काही नाही.

दोन दिवस आठवायचा प्रयत्न केला. रूळ, जऊळका, बैलगाडी, बादल्या. चार शब्द. तीन दुपारी तो माझ्यासमोर बसला होता आणि मी चकरी बघत होतो.

पुंजाजीकडे जाऊन पुन्हा सांग म्हणायचं, तर काय तोंड घेऊन जाऊ? समारंभ झाला की निवांत सांगेन. तो विसरलाही असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुवर्णमहोत्सव. गेलो नाही. पाय दुखत होता. सकाळपासून दुखेल असं वाटत होतं.

ज्योत्स्ना स्मरणिका घेऊन आली. मुखपृष्ठावर मध्येच गुलाबाची फुलं! कोणत्या गाढवानं लावली? शेवटच्या पानावर 'संगणक साहाय्य' म्हणून माझं नाव. चौदाव्या पानावर, जिथे पुंजाजीचं ठरलं होतं, तिथे कोणाच्या तरी ताडपत्रीच्या दुकानाची जाहिरात. प्लॅस्टिकचा वास येतो त्या पानाला, असं मला वाटलं.

ज्योत्स्नानं एवढंच सांगितलं की पुंजाजी पहिल्या रांगेत बसला होता, धुतलेला सदरा घालून.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३
पुंजाजी आला. स्मरणिका पिशवीत, वर रुमाल. समोर बसला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, नात मामाकडे गेली हाये. माह्यावालं पान कोणतं? तुमी बोट ठेवून द्या, मी खूण करून ठेवतो."

मी चौदावं पान उघडलं. ताडपत्रीवर बोट ठेवलं. ठेवलं, हे मी लिहून ठेवतो आहे. तो त्या निळ्या चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, हे काय, रूळ हाये का? कोपऱ्यात ताडपत्रीची गुंडाळी होती. तेव्हा मला स्वतःची जी किळस आली ती पंख्यातल्या त्या झुरळाचीही आली नव्हती. मग सगळं सांगितलं. फॉन्ट, पेन ड्राइव्ह, पुसणं, सगळं. त्याला फॉन्ट कळला नसावा. पुसणं कळलं.

त्यानं स्मरणिका मिटली. रुमालानं तोंड पुसलं. मला वाटलं उठेल.

मग म्हणाला, "मंग आता लिहा. मी काई कुठं चाललो नाई. पण त्या मशीनीत नोका लिहू."

मॅक टेबलावर उघडा आहे. एक मिनिट पन्नास सेकंदात उघडला. त्यात काही करण्यासारखं नाही. घरात दुसरा कोरा कागद नाही, फक्त ही वही. मागची शंभरावर पानं कोरी आहेत.

रोजनिशी इथे बंद. ज्योत्स्नानं चहा ठेवला आहे. खालची पानं पुंजाजीची, तो सांगतो तशी:

मी पुंजाजी. रूळ लिंबाले टांगला आन् पयली घंटा देली. आवाज असा गेला का गावातल्या लोकाइले वाटलं कुठंतरी आग लागली. समदे बादल्या घेऊन पळत आले. आग नाई पाहून हासले, आन् मंग त्याच बादल्याइनं पोराइले पाणी पाजलं. तवापासून शाळा सुरू झाली.