खाली बसलो आहे

अण्णा, आज मी खाली बसलो आहे. आपल्या घरात या वाक्याचे दोन अर्थ होते आणि आज मला दोन्ही लागू आहेत. दिवाळीनंतर तुमच्या सुनेच्या खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणून वरचं बिऱ्हाड आम्ही खालच्या मजल्यावर आणलं. तुमच्याच खोलीत तिची खाट आहे. सकाळी वॉकर धरून ती ओट्यापर्यंत येते, खुर्चीत टेकते. मी शेजारी दगडावर बसतो आणि आमच्यामध्ये परातीत मटार. माधवगंजच्या या गल्लीत हिवाळ्याचं ऊन समोरच्या गच्चीवरून उतरून आधी आपल्या ओट्यावर येतं, मग दुसऱ्या कोणाकडे जातं, हे इतकी वर्षं याच घरात राहून मला माहीत नव्हतं. तुम्हाला असणार.

संध्याकाळपर्यंत मला आमच्या संपादकांना उत्तर द्यायचं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी मला दोनदा मुदतवाढ दिली, आता रविवारची पुरवणी सांभाळा म्हणतात. रोज जायचं, दुपारपासून रात्रीपर्यंत. हिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मी कुठे पळून राहिले आहे?" मोडलेल्या पायावरून विनोद करते ती. घरात कामाला बाई आहे, मुलगी दिवसातून दोनदा फोन करते, औषधं हिची हिला पाठ आहेत. माझ्यावाचून अडेल असं इथे काहीच नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. जिथे आपल्यावाचून अडत नाही तिथे नुसतं बसून राहणं मला येत नाही. मटार सोलतानासुद्धा मी मनात विचार करतो, वाटीभर झाले, आता पुढे काय.

तुम्हाला ते येत होतं. कसं येत होतं ते विचारायचं राहिलं, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

पुण्याचे मामा आले होते तो दिवस आठवतो का? आईचे मामेभाऊ, पहिल्यांदाच ग्वाल्हेरला आलेले, कडक इस्त्रीचा कोट घातलेले. आई शाळेत शिकवायला गेली होती, मी वर त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या धरून उभा. त्यांनी विचारलं, "काय रे, वडील काय करतात हल्ली?" मी म्हटलं, "खाली बसतात." आपल्या बोलण्यात हिंदी इतकी मुरलेली, की 'खाली' म्हणजे रिकामा हे जगभरच्या मराठीत चालत असणार, अशी माझी समजूत. मामांचा चेहरा उजळला. ते लगबगीनं जिना उतरले आणि येताना रिकामा दिसलेल्या ओट्यावर तुम्हाला पाहून म्हणाले, "अहो, मुलगा सांगतोय तुम्ही खाली बसता. छान केलंत! कसलं दुकान काढलंत?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग हसायला लागलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दुकान नाही हो. पोरगं दोन भाषांत एकदमच खरं बोललं." मामांना अर्थ समजावून सांगितल्यावर ते हसले नाहीत. जेवताना त्यांनी तुमच्याकडे फारसं पाहिलंही नाही. तुम्हाला मात्र वाक्य आवडलं. त्यानंतर कोणी जिन्यावरून हाक मारली की तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, "खाली बसलोय!" आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "ऐकलं, ऐकलं. गल्लीलाही ऐकू गेलं."

तुमचं मूळचं कामच माणसांना बसवण्याचं होतं. दरबार भरला की कुठल्या सरदारानं कुठे बसायचं, कोणाची गादी कोणाच्या पुढे, कोणाला उजवी बाजू, हे तुमच्या खात्याकडे. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि बसवायला कोणी उरलं नाही. तुम्हाला नव्या सरकारच्या कचेरीत टेबल मिळालं. सरकार हिवाळ्यात इथे आणि उन्हाळ्यात इंदूरला, तुम्ही फायलींच्या पेट्यांबरोबर जायचात आणि पेट्यांबरोबरच परत यायचात. ते मला धूसर आठवतं. स्पष्ट आठवतो तो नंतरचा एक दिवस. मध्यभारतही गेला, नवा प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि काका तुम्हाला न्यायला आले.

स्वयंपाकघरात बसले आहेत दोघं, पाटावर. आई तव्यापाशी. काका म्हणतात, "दादा, वेडा झालास का? तिकडे नवीन क्वार्टर मिळतायत, बढती मिळेल. इथे काय राहिलंय? तुझ्या दरबारात आता कबुतरं बसतात."

"त्यांना जागा नेमून द्यावी लागत नाही, तेवढंच सुख."

"हसण्यावारी नेऊ नकोस. चाळिशीचा माणूस तू. करणार काय दिवसभर?"

तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरलात. "आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं," तुम्ही म्हणालात, "आता मी बसून बघतो."

काकांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा काही." आईनं पोळी उलटवली आणि म्हणाली, "भाऊजी, वरण वाढू?" काका भोपाळला गेले, मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले. तुम्ही राजीनामा दिलात. आईनं बाड्याच्या चौकाजवळच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली, आणि तुम्ही ओटा.

मी बातम्या लिहिणारा माणूस. गोष्टीत पोकळी दिसली की ती भरायची, ही सवय. कितीतरी वेळा मी तुमची ती वर्षं भरायला बसलो आहे. अण्णा गल्लीतल्या पोरांना शिकवत असतील, लोकांचे अर्ज लिहून देत असतील, निदान दरबाराच्या आठवणी तरी. खरं सांगायचं तर यातलं तुम्ही काही केलं नाहीत. सकाळी बंब पेटवायचात, भाजी चिरायचात, मग ओट्यावर यायचात. संध्याकाळी टोपी बाजारातून बाड्यापर्यंत चालत जायचात आणि काही न घेता परत यायचात. समोरचा दूधवाला रोज विचारायचा, "भाऊसाब, आज भी छुट्टी?" आणि तुम्ही रोज म्हणायचात, "आज भी." तुम्हा दोघांना त्या खेळाचा कंटाळा कधी आला नाही. मी मात्र शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी पाय जड करायचो, कारण बाकीच्यांचे वडील त्या वेळी कुठेतरी गेलेले असायचे. आणि तुम्ही तिथेच, ऊन जसं सरकेल तसे ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाकडे सरकलेले.

तुम्ही मला रागावल्याचं एकदाच आठवतं. वर्तमानपत्रात लागून मला वर्ष झालं होतं. आवृत्ती सोडायची घाई, दोन घास खायला घरी आलो आणि ओट्यापाशी उभ्यानंच पोळीची गुंडाळी तोंडात कोंबत होतो.

"बस," तुम्ही म्हणालात.

"वेळ नाही अण्णा."

"वेळ विचारला नाही मी. बस म्हटलं."

मी बसलो. समोर एक म्हातारी घासलेली भांडी उन्हात मांडत होती आणि तुम्ही ते असं पाहत होतात, जणू त्यात पुढे काही घडणार आहे. पोळी संपली. तुम्ही म्हणालात, "जा आता." ऑफिसला पोचलो तेव्हा मी उशिरा आलो हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, हे आज लिहिताना गमतीचं वाटतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमची बातमी मीच लिहायला घेतली. आमच्या हिंदी वर्तमानपत्रात शहरातल्या जुन्या माणसांच्या निधनाच्या चार ओळी जात. दरबारातली नोकरी लिहिली, मध्यभारतातली लिहिली, आणि पेन थांबलं. डेस्कवरचे वरिष्ठ मायेनं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आगे?" मी म्हटलं, "आगे कुछ नहीं, सर. खाली थे." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि आम्ही सगळ्यांसाठी वापरतो ती ओळ लिहिली, की त्यानंतर ते आजीवन समाजसेवेत रमले. भला माणूस. पोकळी भरून दिली त्यांनी.

आईनं ते तेराव्यानंतर कधीतरी वाचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "समाजसेवा? ही कधी केली यांनी? मला तर बोलले नाहीत." मीही हसलो, पण माझ्या आत काहीतरी चिडलेलंच होतं. मी म्हटलं, "मग काय लिहायचं होतं, आई? तू शाळेत राबायचीस आणि ते बसायचे. तुला कधी राग नाही आला?"

"आला ना," ती म्हणाली. "महिनाअखेरीला यायचा. मग ओसरायचा." तिनं कागदाची घडी घातली. "शाळेतून यायची मी, वर्गात बोलून बोलून घसा बसलेला. पिशवी खाली ठेवायच्या आत हे विचारायचे, काय झालं आज? आणि मग ऐकायचे. मध्ये घड्याळ नाही, पेपर नाही. तुझे काका आले की माझ्याशी दोन वाक्यं बोलत आणि पाचदा मनगट बघत. अख्ख्या गल्लीतल्या बायकांना नवरे होते रे. पण माझ्यासाठी कोणी खाली होतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून घेतलं. ते मला आता, स्वतः ओट्यावर बसायला लागल्यावर ऐकू आलं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. संपादकच. चांगला मुलगा आहे, माझ्या हाताखाली शिकलेला. "सर, क्या सोचा फिर? आजकल तो आप खाली ही होंगे." ही मटारातून मान वर करून पाहत होती, आणि लगेच न पाहिल्यासारखं करून तिनं शेंगेत अंगठा घातला. ते न पाहणं मला दिसलं. मी म्हटलं, "नहीं भाई, इस बार नहीं हो पाएगा. थोड़ा फँसा हुआ हूँ." त्यानं तब्येतीचं विचारलं, पुन्हा एकदा आग्रह केला, मी पुन्हा नाही म्हटलं, फोन ठेवला.

"कशात फसलात?" हिनं विचारलं.

"मटारात."

ती हसली. मग अचानक तिनं तिच्या माहेरच्या छत्रीबाजाराजवळच्या घरातल्या एका मांजरीची गोष्ट सुरू केली, जी इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती, किंवा तिनं सांगितली असेल तेव्हा मी ऐकली नसेल. लांबलचक गोष्ट. मांजर तीनदा हरवते. मी ऐकली. मध्ये एकदा घड्याळ पाहिलं, तिच्या लक्षात आलं नाही असं वाटतं.

लिहिलेले कागद तिनं सालं ठेवायला मागितले, आतल्या बाजूला काय आहे ते न विचारता. मी दिले. थोड्या वेळानं ती सालं गल्लीतल्या गाईपुढे जातील. हा शेवटचा तेवढा माझ्या मांडीवर उरला आहे, त्यावर एकच गोष्ट लिहायची आहे. नोकरीला मी नाही म्हटलं, अण्णा, ते ठीक झालं. पण मी खाली आहे, एवढं सरळ वाक्य त्या मुलाला सांगायला माझी जीभ वळली नाही. कामात अडकलोय, असंच सांगितलं. तुम्ही तर जिन्याच्या खालून गल्लीभर ओरडायचात.