सभेचं बोलावणं

नवघर, भाईंदर (पूर्व)
२२ जानेवारी १९९१

ती. स्व. दादास शुभदाचा शि. सा. न.

तुझे गुडघे आता बरे असतील. इथे सासूबाई अजून अंथरुणालाच आहेत. त्यांच्या पलंगाने खोली भरते, म्हणून मुलांचा संध्याकाळचा वर्ग मी सोसायटीच्या ऑफिसात घेते, हे तुला ठाऊक आहे.

ती जागा खाली करा, असं सेक्रेटरी जितेंद्रभाई म्हणाले. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, रविवारी सबको बुलाव, मीटिंगमध्ये ठरेल. मी हळदीकुंकवाचं बोलावणं करतात तशी दारोदार फिरले. कुंकू लावलं, याच म्हणून सांगितलं. सगळी बिल्डिंग आली. अंबिकाकाकू कठडा धरून वरच्या मजल्यावरून उतरल्या. वर्ग राहावा म्हणून हात वर झाले.

त्यानंतर जितेंद्रभाई म्हणाले, लेखी नोटीस नाही, म्हणजे ही मीटिंग झालीच नाही. मग एवढी माणसं तिथे काय करत होती? तू जन्मभर जिल्हा परिषदेच्या सभा भरवल्यास, तूच सांग.

माया असू दे,
शुभदा


सातारा
२९ जानेवारी १९९१

चि. शुभदास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती विचारते, सभेला वाण काय लुटलंस.

जितेंद्रभाई बरोबर आहेत. सूचना लेखी हवी, विषय स्पष्ट हवा, मुदत पुरी हवी, प्रत्येकाची सही हवी. मसुदा सोबत आहे. शेवटची ओळ गाळू नकोस: पुरेसे सभासद न जमल्यास सभा अर्ध्या तासाने तिथेच भरेल आणि हजर असतील त्यांचा निर्णय सर्वांवर बंधनकारक राहील. म्हणजे तुझी सभा कोणाला मोडता येणार नाही.

आता दारोदार फिरू नकोस, प्रचार केलास म्हणतील. सूचना वॉचमनच्या हातून जाऊ दे.

माया आहेच, ती दर पत्रात लिहायला नको.

काशीनाथ


नवघर
२६ फेब्रुवारी १९९१

ती. स्व. दादास शि. सा. न.

तुझ्या मसुद्यातलं अक्षर बदललं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. रविवारी आम्ही पाच जण जमलो. अर्धा तास वाट पाहिली. मी बोलवायला उठले, तर जितेंद्रभाई म्हणाले, सभा सुरू झाली, बसा. वर्ग बंद करायला तीन हात, ठेवायला दोन. मसुदा कोणी केला म्हणून त्यांनी चौकशी केली, कौतुकही केलं.

मागून अंबिकाकाकूंना विचारलं. म्हणाल्या, कागद आला, तू आली नाहीस, वाटलं मिटलं असेल. बाकीच्यांचंही तेच.

सगळे आले ती सभा झाली नाही. कोणी आलं नाही ती झाली. तू बरोबर होतास, जितेंद्रभाईही बरोबर आहेत. माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही.

ऑफिसला कुलूप आहे. संध्याकाळी मुलं दप्तरं घेऊन येतात आणि जिन्यावर बसतात. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ते कोणी सांगायचं, याबद्दल नियमात काही असेल तर कळव.

माया ठेव, पण उत्तराला उशीर करू नकोस. मुलं रोज येतात.

शुभदा