लाल पट्टेवालीच्या कडेवरचं लेकरू

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप साळूमावशीच्या पायांवर शिवराजचं डोकं. (पाय मागं घेऊ नको, गुडघा दुखंल.) इकडं नीरजा, बाळ आन मी खुशाल. फोनवर तू 'जेवलास का' एवढंच विचारतीस आन ठेवून देतीस, म्हणून सविस्तर लिहितो.

मावशे, माझी नोकरी जाता जाता राहिली! पडेगावकडच्या टेकडीवर वानरांची टोळी लई माजलीय (पेरू, टोमॅटो, वाळत घातलेल्या कुरडया, काही म्हणून सोडत नाहीत). म्हणून आमच्या संस्थेनं काही माद्यांना पोरं होऊ नयेत अशी नवी लस टोचली आन खुणेला गळ्यात लाल पट्टे बांधले. कुणाला पोर होतंय का, हे दुर्बिणीतून बघत बसायचं माझं काम. (व्हय, ह्याला पगार देतात. हसू नको.) लस फुकट गेली की प्रयोग बंद, आन मी घरी.

तर शनिवारी बघतो तर काय, एक लाल पट्टेवाली नुकतंच जन्मलेलं, काळंभोर लेकरू कडेवर घेऊन बसलेली! लस शोधणारे आमचे हेमचंद्र सर. त्यांनी दुर्बीण लावली, पुसली, परत लावली आन खाली मातीतच बसले. म्हणाले, "शिवराज, आटोपलं सगळं." लगेच प्रयोगाला पैसे देणाऱ्या दिल्लीवाल्यांना कळवायला निघाले. मीच म्हणालो, सर, आधी डबा तर खाऊ. (उपाशीपोटी वाईट बातमी देऊ नये, हे तुझंच शिकवणं.)

तो डबाच कामी आला बघ. आम्ही भाकरी मोडतोय तोवर लेकरू भुकेनं किंचाळायला लागलं. पट्टेवालीनं ते नेऊन झाडाखाली आरामात पसरलेल्या बिनपट्ट्याच्या मादीच्या मांडीवर टाकलं, आन ते तिला चक्क प्यायला लागलं! पोट भरलं की पट्टेवाली परत हजर. ओढून नेलं आन उवा बघत बसली. लेकरू दुसरीचं, हौस हिची! (वानरांत अशा मावश्या असतात, हे सरांनी स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं पुस्तक आठवत नाही.) सरांनी मला मिठी मारली, हातातली चटणी माझ्या शर्टाला. देव पावला, मावशे. रात्री डाराडूर झोपलो.

तुझाच,
शिवराज

ता. क. : त्या पट्टेवालीचं नाव मी साळू ठेवलंय. राग मानू नको.

आणखी ता. क. : नीरजाची रजा संपतीय, आन बाळाला परक्याकडं ठेवायला जीव होत नाही. येतीस का राहायला? ती साळू लेकरू रडलं की परत देती. तू मला कधीच दिलं नाहीस; आई न्यायला आली की आतून कडी लावायचीस. म्हणून आमच्या दाराची कडी आधीच काढून ठेवलीय. लवकर ये.