आमच्या घरची वाढलेली डोकी

४ फेब्रुवारी

ह्यांच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, बोटं काही जुळत नाहीत. अंगठा आणि मधलं बोट जवळ आणायला गेलं की थरथरतात. डॉक्टर म्हणाले, "रोजची कामं होतील हळूहळू. बारीक कामाचं आत्ता सांगता येणार नाही."

ह्यांनी विचारलं, "कात्री म्हणजे बारीक काम का?"

डॉक्टरांनी ह्यांच्याऐवजी माझ्याकडे बघितलं. तिथेच मला राग आला. हात ह्यांचा आहे ना!

आणि हे सगळं कशापायी? दुकानातला दिवा बदलायला गिऱ्हाइकांच्या डुगडुगत्या बाकावर चढले. शेजारी चांगली दणकट खुर्ची होती, केस कापायची. पण तिच्यावर पाय ठेवायचा नाही हा ह्यांचाच नियम. नियम वाचला, मनगट गेलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी हात उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, "डावा आहे ना धड? दोन उगीच मिळालेत का माणसाला?"

१० फेब्रुवारी

ओला स्पंज पिळायचा व्यायाम दिलाय. हे पिळतात, थेंबभर पाणी पडतं. सासूबाई शेजारी बसून: "अरे, एवढी वर्षं मला पिळलंस, हा स्पंज काय चीज आहे!"

हे हसले नाहीत. एरवी आईने एक म्हटलं की ह्यांची दोन तयार असायची. अर्धी गिऱ्हाइकं तर केस वाढलेले नसतानाही यायची, नुसती ह्यांची बडबड ऐकायला. आता खाली दुकानाला कुलूप आणि वर घरात स्पंजाचं टपटप.

मी स्टुडिओत जाते, लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढते. "हनुवटी वर, खांदे खाली." घरी आले की तेच ह्यांना सांगावंसं वाटतं.

२१ फेब्रुवारी

आज जेवताना लक्षात आलं — घरात कोणीच केस कापलेले नाहीत!

आमच्या घरातलं एकही डोकं आजवर बाहेरच्या हातात गेलेलं नाही. माझं नाही, लेकीचं नाही. भावजी — ह्यांचे धाकटे भाऊ, बस चालवतात, वरच्या खोलीत राहतात — त्यांचंही नाही. सासूबाईंचे केस एकदा तापात गेले, तेव्हापासून त्यांचा बॉबसुद्धा ह्यांचाच. आता सगळेच वाढलेत. ठराव कोणी मांडला नाही, पण पास झालाय.

भावजींना डेपोतले साहेब म्हणाले म्हणे, "आरशात मागची गाडी दिसते, की नुसते केस?" भावजींनी केस नुसते मागे सारले. मला म्हणाले, "वहिनी, दादाचा हात बरा झाला की कापीन. तोवर साहेबांना बोलू दे."

आणि ह्यांचं स्वतःचं? ह्यांचे केस कापायचा समोरचा. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या सलूनचा मालक. गिऱ्हाइकांवरून दोघांची महिनाभर धुसफूस. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुकानं बंद झाली की तो आमच्या खुर्चीत, मग हे त्याच्या खुर्चीत. डोक्याला डोकं. पैसे नाहीत, आभार नाहीत. सगळ्या गावाचं डोकं सफाईने कापा, स्वतःचं मात्र कापता येत नाही, अशी या धंद्याची गंमत!

मी म्हटलं, "जाऊन या ना त्याच्याकडे." तर म्हणाले, "त्याचं मी कापू शकत नाही. मग माझं कापून कसं घेऊ?"

२ मार्च

समोरचा हल्ली टोपी घालून दारात उभा असतो. एवढ्या उकाड्यात! हे खिडकीतून बघत म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं मिळाली ना, आलाय थाट."

७ मार्च

लेकीला नोकरी लागली! दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवर. ओळखपत्राला फोटो हवा, म्हणून माझ्याकडे स्टुडिओत आली. दोन्ही भुवया दिसल्या पाहिजेत असा नियम. हिच्या झिपऱ्या नाकापर्यंत! पिना लावल्या, निसटल्या. पाणी लावलं, गळायला लागलं. शेवटी आतल्या बाजूने चिकटपट्टी लावली आणि पट्टी निघायच्या आत फोटो काढला. दोघी हसून हसून स्टुलावर बसलो. फोटोत ती भूत बघितल्यासारखी दिसते.

तोच फोटो घरी येऊन हसत हसत ह्यांच्या हातात दिला. द्यायला नको होता.

ह्यांनी बराच वेळ बघितला.  मग एकदम ओरडले — आमच्या लग्नापासून मी असा आवाज ऐकला नव्हता — "कापून या! उद्याच्या उद्या सगळे कापून या! जिकडे बघावं तिकडे माझं राहिलेलं काम! जेवायला बसलं तरी समोर चार डोकी माझी वाट बघत!"

लेकीने हाताने केस मागे धरले, तशीच बसून राहिली.

आम्हाला वाटत होतं आपण साथ देतोय. आम्ही तर उठता-बसता तगादा लावला होता. प्रेमाने केलं म्हणून काय झालं, त्रास तो त्रासच.

८ मार्च

गेलो सगळे. नाइलाजाने.

मी आणि लेक एका पार्लरवाल्या बाईंकडे. माझे केस धुताना त्यांनी विचारलं, "आधी कोण कापायचं हो? छान बसवलेत." मी म्हटलं, "माझे मिस्टर," आणि डोळ्यांना धारच लागली. त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं पाणी कढत झालं! मीही 'हो, जरा गरम आहे' म्हणून वेळ मारून नेली.

भावजी काचेच्या दाराच्या एका मोठ्या सलूनमध्ये गेले. परत आले तर मागून पायऱ्या पायऱ्या! सासूबाई म्हणाल्या, "काय रे, उंदराने कुरतडलं का?" हे उठले, भावजींच्या मानेवरून डावा हात फिरवला आणि हसले. खरंच हसले! "कात्री आडवी धरली गाढवाने," म्हणाले. किती दिवसांनी हसू बघितलं. मला वाटलं, आली गाडी रुळावर.

सासूबाई मात्र हटून बसल्यात. "ज्या हाताला मी चमचा धरायला शिकवलं, त्याची मी वाट बघणार. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा." नातीकडून पिना मागून घेतल्यात. आठ-दहा पिना लावून घरभर फिरतात. ह्या वयात एवढा नट्टापट्टा बरा दिसतो का विचारलं, तर म्हणाल्या, "जळू नकोस."

१४ मार्च

त्या हसण्याचा अर्थ मी उलटा लावला होता.

आज जेवताना हे अगदी शांतपणे म्हणाले, "सगळ्यांची डोकी झाली. कोणाचं काही अडलं नाही. आता खुर्ची समोरच्याला देऊन टाकतो. त्याची मोडकळीला आलीय, माझ्या खुर्चीवर डोळा आहेच त्याचा. दुकान सोडून देऊ."

भावजींनी मानेवर हात ठेवला, जणू कापलेले केस परत चिकटवता येतील.  सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "सगळ्यांची कुठे? माझं राहिलंय."

"तुझं काय आई. तुला कोण बघतंय?"

"तू बघतोस ना."

हे अर्ध्या जेवणावरून उठले.

मग मी भांडले. सोडलं नाही. "खुर्चीवर पाय नको म्हणून मनगट मोडून घेतलंत, आणि आता अख्खी खुर्चीच देता?" म्हणाले, "ज्याला वापरता येते त्याने वापरावी." मी जाऊन दणादण भांडी घासायला घेतली.  

भीती खुर्चीची नाही. खुर्ची गेली तर जाऊ दे, लाकूड-लोखंडच आहे. पण ती गेली की हे खाली उतरायचे नाहीत, आणि खाली उतरले नाहीत की बोलायचे नाहीत. माझा निम्मा नवरा त्या दुकानात राहतो.

१९ मार्च

स्पंज व्यायामाच्या डब्यातून नाहीसा. मोरीत सापडला, कोरडा ठणठणीत. मी ओला करून परत ठेवला. ह्यांनी बघितलं.

२६ मार्च

खुर्ची घेऊन जा म्हणून ह्यांनी समोरच्याला कळवलं होतं, त्याचा उलट निरोप आला: रविवारी दुकान बंद केलं की येतो.

बातमी ऐकून हे खाली गेले. किती वेळ येईनात म्हणून मी डोकावले, तर खुर्ची पुसत होते. हँडल, पाय ठेवायची पट्टी, मानेचा आधार. सगळं डाव्या हाताने, फडकं नीट घडी करून. पाठवणी करतात तसं. मी तशीच परत फिरले. लेकीला म्हटलं, "बाबांना हाक मारू नकोस."

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "डाव्याने चकचकीत पुसता येतं होय!" आणि कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत बसल्या.

३० मार्च, रविवार

समोरचा आला. एकटाच — ना हातगाडी, ना उचलायला माणसं. मी आणि सासूबाई जिन्यात उभ्या.

हे म्हणाले, "धर, तिकडून उचल." तर तो सरळ खुर्चीत बसला आणि टोपी काढली. बाई गं! कानांवर केस, मानेवर केस — आमच्या घरात कोणाचे वाढले नव्हते एवढे!

"अरे, कापले का नाहीस?"

"कोणाकडून कापू? शेवटचा रविवार आपला असतो. डाव्या हाताने काप. वाकडे झाले तर टोपी आहेच."

ह्यांनी डाव्या हाताने खण उघडला. मग कात्रीचा आवाज आला. थांबला. परत आला.

सासूबाईंनी तिथेच जिन्यात बसून केसांतल्या पिना काढायला घेतल्या.