मागचं चाक

मामंजी,

आठची गोळी यांना दुधाबरोबर द्या आणि दर दोन तासांनी कूस बदला. शेजारच्या बानाबाई हातभार लावायला येतील. काल तुम्ही यांची सायकल दुरुस्त करून आणलीत, त्या शहागंजच्या दुकानात मी जाते आहे. काढलेलं जुनं चाक आणि मडगार्ड भंगारात जायच्या आत मिळायला हवं.

यांना धडक देणारा जीपवाला म्हणतो, सायकल अचानक आडवी आली. पण चाक आणि मडगार्ड मागून चेपलं होतं. धडक मागून बसली हे वकीलसाहेब अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात त्यावरूनच दाखवणार होते. पंचनाम्यात नुसतं 'सायकल मोडली' एवढंच लिहिलं आहे.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. काल तुम्ही म्हणालात, "बद्री उठला की ड्यूटीवर जायला लागंल, सायकल तयार नको व्हय?" तेव्हाच मी बोलायला हवं होतं. यांच्या कमरेखाली हालचाल परत येणार नाही, हे डॉक्टरांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं आहे. तुमच्यासमोर ते शब्द तोंडातून निघेनात. सांगितलं असतं तर तुम्ही सायकल दुरुस्तीला नेली नसती. चूक माझी आहे.

यांनाही अजून माहीत नाही. संध्याकाळी मीच सांगेन. तोवर सायकल ओसरीवरच राहू द्या, आणि तुम्ही हौसेनं बसवलेली नवी घंटी वाजू देऊ नका. ती आत खाटेपर्यंत ऐकू येते.

प्रमिला