मातीच्या घराचा हक्क

मी, कमरुद्दीन वल्द रहीमुद्दीन शेख, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, अल्लाहचे नाव घेऊन राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दबावात ठेवणारी एकच होती, माझी बायको आबिदा, आणि ती आता या जगात नाही.

१. माझे वारस दोन : मुलगा बिलाल आणि मुलगी नाहीद. मोठा मुलगा तौसीफ माझ्याआधी गेला. त्याची बायको उमेरा माझ्याजवळ राहते. शरीयतीप्रमाणे ती माझी वारस ठरत नाही. मी काही न लिहिता डोळे मिटले, तर तिला वीतभर जागाही मिळायची नाही. मात्र एक तृतीयांशापर्यंतची मिळकत वारस नसलेल्या माणसाला देता येते. म्हणून हे लिहिणे.

२. राहते घर, विहीर आणि परसासह, उमेराला द्यावे. ते एक तृतीयांशात बसते, याची वकीलसाहेबांनी खात्री केली आहे. सुनेला का दिले, असे उद्या कोणी विचारू नये, म्हणून थोडे सांगतो.

उमेरा ब्रह्मपुरीची, पॉलिटेक्निकमध्ये बांधकाम शिकलेली. आमचे जुने घर पडायला आले, तेव्हा तौसीफ स्लॅब टाकायला निघाला होता. ती त्याला म्हणाली, "आपल्या इथलं ऊन तुमाले माहीत नाई का? स्लॅब दिवसा तापते न रातभर आपल्याले भाजते."

पाया खणताना निघालेल्या मातीत चुना मिसळून तिने विटा पाडल्या, भट्टी लावली नाही. भिंती हातभर जाड घेतल्या. मोडलेल्या घरांचे सागवान मी शोधून आणले, त्याची दारे-खिडक्या तिने वाऱ्याची दिशा पाहून बसवल्या. गरम हवा निघून जावी म्हणून छपराखाली झरोके ठेवले. वर बांबूचे छत, त्यावर कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, दुहेरी थर. छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडले. माझ्या सुतारकीच्या कारखान्याच्या टिनांवर सौर पाट्या लावल्या, घराचे दिवे-पंखे त्यांवर चालतात.

पण हे सगळे पुरे व्हायच्या आधीच, भिंती खिडकीपर्यंत आल्या तेव्हा, तौसीफ अपघातात गेला. काम थांबले. नवऱ्यामागे घरात बसायचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले त्या सकाळी उमेरा ओढणी खोचून बाहेर आली.

मी म्हटले, "बेटा, राहू दे आता. कोणासाठी बांधतेस?"

"तुमच्यासाठी, अब्बा. न माझ्यासाठी. आपण दोघं आहो ना अजून."

तिने गवंडी देवानंदला हाक मारली. मीही रंधा उचलला. मुलगा गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता.

३. बिलालचे म्हणणे होते की माझ्या पश्चात हे घर पाडून तीन मजले उठवावेत. त्याचा राग नाही. गेल्या मे महिन्यात वादळाने विजेचे खांब आडवे झाले, वीज काही लवकर आली नाही. त्याच्या स्लॅबच्या घरात तान्ही मुलगी उकाड्याने लाल झाली, दूध घेईना. डॉक्टरांनी थंड जागी ठेवा म्हटले. भर दुपारी तो पोरीला छातीशी धरून आमच्या दारात आला.

"भाभी, हिले घ्या जी!"

उमेराने तिला मधल्या खोलीत निजवले, झरोके उघडले, ओल्या फडक्याने अंग पुसत बसली. सांजेला पोर आईला बिलगली आणि दूध प्यायली. बिलाल भिंतीला हात लावून उभा होता.

"भाभी, हे भिंत थंडी कशी?"

"बिलालभाऊ, बाहेर ऊन पडलं हे इले समजालेच दिवस जाते. तवरोक सांज होते."

त्यानंतर घर पाडायची गोष्ट निघाली नाही. या मृत्युपत्राला त्याने आणि नाहीदने आपणहून संमती दिली आहे, ती सोबत जोडली आहे.

४. कारखाना आणि माजरीकडची शेती बिलाल व नाहीद यांनी शरीयतीच्या हिश्श्याने वाटून घ्यावी. सुतारकीची हत्यारे मात्र नाहीदला द्यावीत अशी माझी इच्छा आहे आणि बिलाल त्याला राजी आहे. लहानपणी रंधा तिच्याच हातात सरळ चालायचा.

५. या मातीच्या भिंती पाहून प्रफुल्ल ठेकेदार भर चौकात म्हणाले होते, "म्हातारा गुरांचा कोठा बांधून राह्यला." त्यांनी माझ्या मयतीला जरूर यावे. फक्त त्यांची खुर्ची बाहेर मांडवात टाकावी, आतल्या थंडाव्यात नको.

६. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरून नीट बसवावेत. भिंतींना सिमेंट लावू नये, मातीला श्वास घेऊ द्यावा. उमेराने पुन्हा निकाह केला, तरी घर तिचेच राहील. मी असलो तर तिच्या नवऱ्यासाठी पलंग मीच करीन.

७. वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यात तिच्या नावापुढे 'मयत मुलाची विधवा' असे लिहिले होते. मी तो उमेराला वाचून दाखवला. तिने त्या शब्दांवर बोट ठेवले. मग म्हणाली, "अब्बा, घर द्याचं तर द्या. पण हे नका लिहू."

"मग काय लिहू, बेटा?"

तिने सांगितले. वकीलसाहेब म्हणाले, कायद्यात असे वर्णन नसते. मी म्हटले, माझ्या मृत्युपत्रात असेल. म्हणून नोंदणीत वा सरकारी दप्तरात नाही तरी निदान या कागदावर, तिची ओळख अशी वाचावी : उमेरा, गृहनिर्माती.

हे सर्व वाचून, समजून मी साक्षीदारांसमोर सही केली.

सही : कमरुद्दीन रहीमुद्दीन शेख

साक्षीदार :
१. देवानंद झिंगू मेश्राम, गवंडी, भद्रावती
२. गोकुळा सोमाजी मांढरे, शेजारीण, भद्रावती

ठिकाण : भद्रावती
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५